तेल, मध, आगळ मापात भरायचं तर नोझल कसं डिझाईन करायचं

बाटलीत माप कमी-जास्त येतंय म्हटलं की पहिला संशय पंपावर जातो. मग गिअर पंप काढून पिस्टन लावतात, पिस्टन काढून सर्वो लावतात, खिसा मोकळा होतो आणि तरी एक बाटली ९०६ ग्रॅम आणि पुढची ९१५. नोझलकडे कोणी बघतच नाही, कारण ते पंपाबरोबर आलेलं असतं किंवा लेथवाल्याने पाइपचा तुकडा कापून, थोडा बफ मारून दिलेलं असतं. आता एक साधा हिशोब करा. १० मिमी बोअरचं (बोअर म्हणजे आतला व्यास) १५० मिमी लांब सरळ नोझल, वर सोलेनॉइड म्हणजे विजेवर उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह बंद झाला तरी त्याच्या खाली नळीत जवळजवळ १२ मिली माल उरतो, तो कधी तिथेच लटकून राहतो, कधी अर्धा बाटलीत पडतो, कधी पुढची बाटली यायच्या आत कन्व्हेयरवर पडतो. पंप कितीही भारी आणा, हे १२ मिली त्याच्या ताब्यात नाहीत.

कायद्याने किती चालतं ते पण माहीत हवं. पॅकेज्ड कमोडिटीजच्या २०११ च्या नियमांत एक लिटरच्या पॅकला १५ मिलीपर्यंत चूक चालते, ५०० मिलीला पण १५, २०० ला ९ मिली आणि १०० मिलीला साडेचार. पण ही सूट एकेका बाटलीला आहे, लॉटची सरासरी छापलेल्या मापापेक्षा कमी आली तर वैध मापनवाले ऐकून घेत नाहीत. म्हणून सगळे जण भीतीपोटी पाच-सात मिली जास्तच भरतात. दिवसाला हजार बाटल्या आणि बाटलीमागे ५ मिली म्हणजे रोज पाच लिटर घाण्याचं शेंगदाणा तेल फुकट वाटलं, आणि घाण्याच्या तेलाचा भाव काय आहे ते तुम्हाला सांगायला नको.

लाकडी घाणा, मधाचं युनिट, कोकणातला आगळ-सिरपचा धंदा, फिनेल-हँडवॉशवाले, एक ते चार नोझलची मशीन चालवणाऱ्या अशा लोकांसाठी हे लिहितोय. औषधाच्या व्हायल भरणाऱ्या लाइनचं प्रकरण वेगळं, त्यांचे कागदच वेगळे असतात.

आधी लिक्विड ओळखा

तीन आकडे लागतात: घट्टपणा म्हणजे विस्कॉसिटी, घनता, आणि पृष्ठताण. पाण्याची विस्कॉसिटी २० अंशाला १ सेंटीपॉइज धरतात. शेंगदाणा तेल २५ अंशाला साधारण ६५, ६५ ब्रिक्सचा (वजनाने ६५ टक्के साखर) साखरेचा पाक २० अंशाला दीडशेच्या आसपास, आणि मध काही हजारांत, १०,००० म्हणलं तरी नवल नाही, ते मधातल्या पाण्यावर आणि थंडीवर आहे. पृष्ठताण पाण्याचा ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, खाद्यतेलाचा ३३ च्या आसपास, स्पिरिटचा २२. हे आकडे आपल्या मालाला तंतोतंत लागू नसतात, पण डिझाईन सुरू करायला पुरतात. नक्की मोजायचंच असेल तर पेंटच्या दुकानात बी-४ कप मिळतो, तळाला भोक असलेला, तो रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, पातळ मालासाठी तो चालतो, मधासाठी नाही.

तापमानाकडे दुर्लक्ष करू नका, इथे भले भले फसतात. तेल २० अंशावरून ४० वर गेलं की विस्कॉसिटी निम्म्यावर येते. म्हणजे टाकी वर ठेवून टायमरवर भरणाऱ्या मशीनमध्ये सकाळी सात वाजता लावलेलं सेटिंग दुपारी दोनला पार बिघडतं, कारण बारीक नळीतून घट्ट माल जाताना फ्लो थेट विस्कॉसिटीवर चालतो. पिस्टन किंवा गिअर पंपाला हा त्रास कमी आहे. पण दुसरा एक त्रास सगळ्यांनाच आहे: तेल फुगतं. अंशाला साधारण ०.०७ टक्के, म्हणजे १५ अंशाच्या फरकाला लिटरमागे १० मिली. म्हणून मी तेलाला नेहमी वजनावर तपासा म्हणतो, लिटरभर तेल ९१० ग्रॅमच्या आसपास बसतं आणि ग्रॅम काही उन्हाने वाढत नाहीत.

मग बाटलीचं तोंड

नोझलचा बाहेरचा व्यास बाटली ठरवते, तुम्ही नाही. २८ मिमी नेकची पेट बाटली आतून २१-२२ मिमी असते. त्यात २० मिमीचं नोझल घातलं तर माल आत जाईल पण हवा बाहेर कुठून येणार, जितका माल आत जातो तितकीच हवा बाहेर यायला पाहिजे ना, मग बाटली गुरगुरते, फेस वर येतो, कधी माल थुंकल्यासारखा बाहेर उडतो आणि ऑपरेटर म्हणतो नोझल खराब आहे. २१ मिमीच्या तोंडात १६ मिमीपर्यंतचं नोझल ठीक चालतं, चहूबाजूंनी अडीच मिमी गॅप राहते. शिवाय कन्व्हेयरवर बाटली एक-दीड मिमी इकडेतिकडे उभी राहतेच, तेवढं नोझल कडेला घासायला नको. बाटलीला सेंटर करणारी छोटी फनेलसारखी गाइड नोझलवर बसवता येते, पण तिलाही हवेसाठी खाचा ठेवायला विसरू नका.

बोअर किती ठेवायचा

इथे वर्कशॉपच्या एककांत दोन सूत्रं देतो, कागदावर लिहून मशीनवर चिकटवून टाका.

वेग, मीटर प्रति सेकंद = १.२७ × फ्लो ÷ (बोअर × बोअर). फ्लो मिली प्रति सेकंदात, बोअर मिमीमध्ये.

नळीत लागणारा दाब, पास्कलमध्ये = ४०.७ × विस्कॉसिटी × लांबी × फ्लो ÷ (बोअरचा चौथा घात). विस्कॉसिटी सेंटीपॉइजमध्ये, लांबी मिमीमध्ये.

दुसरं सूत्र माल शांतपणे वाहत असेल तरच खरं. ते तपासायला १२७३ × घनता × फ्लो ÷ (बोअर × विस्कॉसिटी) करा, घनता ग्रॅम प्रति मिलीमध्ये, उत्तर २००० च्या खाली आलं तर चालेल. तेल-मधाचं नेहमीच खाली येतं. पाण्याचं येत नाही, ८ मिमी बोअरमधून सेकंदाला ५० मिली पाणी सोडलं तर ८००० च्या आसपास येतं, म्हणजे नळीतच खळबळ, तिथे हे सूत्र लावू नका, वेगाचंच बघा.

उदाहरण घ्या. एक लिटर शेंगदाणा तेल दहा सेकंदात भरायचंय, म्हणजे सेकंदाला १०० मिली. १० मिमी बोअर, १५० मिमी लांबी: दाब ४००० पास्कलच्या आत, म्हणजे ०.०४ बार, अर्ध्या मीटरपेक्षा कमी उंचीच्या तेलाचं वजन. वेग १.२७ मीटर. आता हाच बोअर ६ मिमी करा. दाब पावणेआठ पट होतो, ०.३ बार, आणि वेग साडेतीन मीटर, म्हणजे बाटलीच्या तळावर पिचकारी. चौथ्या घाताचा हा खेळ ध्यानात ठेवा, बोअर निम्मा केला की दाब सोळा पट.

मधाला हेच १० मिमीचं नोझल लावून सेकंदाला १०० मिली मागितले तर १०,००० सेंटीपॉइजला ६ बार लागतील, फक्त नोझलमध्ये, होजचं अजून वेगळंच. म्हणून मधाचं नोझल आखूड आणि जाड. १६ मिमी बोअर, ६० मिमी लांबी, सेकंदाला २५ मिली, दाब ०.१ बारच्या आत येतो. मध किंचित कोमट करून भरला तर सगळंच सोपं होतं, पण मध किती तापवायचा ही चर्चा मधवाल्यांशी करायची नसते हे एवढ्या दिवसांत कळलंय.

पातळ मालाला सुरुवातीला एक मीटरच्या आत वेग ठेवा. बाटलीत थोडा माल साचला की वाढवता येतो, कारण मग धार मालात पडते, उघड्या तळावर नाही.

व्हॉल्व्ह कुठे बसवायचा, मुद्दा हाच आहे

नळी वर बंद असेल आणि खाली उघडी, तर आतला माल बाहेरच्या हवेच्या दाबावर टिकतो. खालून हवा आत शिरली तरच तो पडतो. हवा शिरायची की नाही हे पृष्ठताण ठरवतो आणि त्याला एक मर्यादा आहे. गणिताने पाण्याला साधारण १० मिमी बोअरपर्यंत, खाद्यतेलाला ७ मिमी, स्पिरिटला ६ मिमी. त्यावर बोअर गेला की कडेने हवेचा बुडबुडा वर चढतो आणि आतला माल भळकन् खाली येतो. आणि हे आकडे शांत टेबलवरचे आहेत, मशीनला कंपनं असतात, सिलिंडर धाडकन् थांबतो, म्हणून मी याच्या निम्म्याच्या आसपासच भरवसा ठेवतो: पाण्याला ५-६, तेलाला ४, सॅनिटायझरला ३.

आता वरचा हिशोब आठवा. तेलाला फ्लोसाठी १० मिमी बोअर पाहिजे आणि माल लटकून राहायला ४ मिमी पाहिजे. दोन्ही एका सरळ नळीत बसत नाही. नोझल डिझाईन म्हणजे मुळात हा एवढा झगडा सोडवणं आहे, बाकी सगळी सजावट. सोडवायचे रस्ते तीन.

पहिला, टोकाला जाळी किंवा अनेक भोकं. ४ मिमीची सात भोकं, एक मधे आणि सहा भोवती, मधे एक-एक मिमी भिंत. हे सगळं १४ मिमी व्यासात बसतं, बाहेरून एक मिमी भिंत धरून नोझल १६ मिमीचं होतं, बरोबर आपल्या बाटलीत जाणारं. एकूण क्षेत्रफळ ८८ चौमिमी, म्हणजे १० मिमीच्या बोअरपेक्षा जास्तच. पाण्यासारख्या मालाला, आगळाला, फिनेलला हे झकास चालतं, स्वस्त आहे, लेथ आणि ड्रिलवर होतं. पाण्यासाठी अजून बारीक म्हणजे १ मिमीची स्टेनलेस जाळी लावली तर ती हिशोबाने २९ मिमी उंचीचं पाणी तोलून धरते, वरून किंचित हवा शिरली तरी. पण तेलाला मी जाळी देत नाही. तेल स्टीलला लगेच पसरतं, खालच्या सपाट चेहऱ्यावर सगळी भोकं एका थरात जोडली जातात आणि मग ती सात भोकं उरत नाहीत, एकच मोठं होतं. आगळात रेषा-गर असेल तर जाळी तुंबते, गाळून घेतल्याशिवाय लावू नका.

दुसरा, सक-बॅक. भरणं संपलं की पंप क्षणभर उलटा फिरतो किंवा छोटा डायफ्रॅम मागे खेचतो आणि माल नळीत वर ओढला जातो. ८ मिमी बोअरमध्ये माल ५ मिमी वर ओढायचा तर पाव मिली पुरतो. लोक मात्र ठिबकणं थांबेपर्यंत सक-बॅक वाढवत नेतात, एक मिली, दोन मिली, मग नळीत हवा भरते, पुढच्या शॉटला आधी हवा बाहेर येते, फुर्रकन् शिंतोडे उडतात आणि माप हलतं. सक-बॅक दर वेळी तेवढाच होत असेल तर मापाला धक्का लागत नाही, तो कमी-जास्त व्हायला लागला की संपलं.

तिसरा आणि तेला-मधाला माझा आवडता, टोकावरच बंद होणारं नोझल. बाहेर नळी, आत दांडा, दांड्याच्या टोकाला कोन, वर न्यूमॅटिक सिलिंडर. व्हॉल्व्ह अगदी शेवटाला म्हणजे त्याच्या खाली लटकायला मालच नाही. यात दोन जाती आहेत. एकात दांडा वर उचलला की उघडतं आणि खाली येऊन बंद होतं, हे बंद होताना थोडा माल बाहेर ढकलतं. दुसऱ्यात दांडा खाली ढकलला की उघडतं आणि वर ओढला की बंद, हे बंद होताना कडेचा माल आत ओढून घेतं, धार स्वच्छ तुटते. तेलाला दुसरंच घ्या. त्या कोनाचा खालचा भाग सपाट ठेवू नका, ६० अंशाचा टोकदार करा, म्हणजे उरलेला थर एका बिंदूवर येतो आणि जो थेंब बनतो तो बारीक बनतो.

सीटला, म्हणजे कोन जिथे टेकून बंद होतो त्या जागेला, स्टीलवर स्टील चालेल पण लॅपिंग (दोन्ही घासून जुळवणं) चांगलं पाहिजे, नाहीतर कोनावर टेफ्लॉनची रिंग. एवढं सगळं १६ मिमीमध्ये बसवायचं: बाहेरची नळी १६, आत १४, दांडा ५, मधली गोल फट तेलाला भरपूर पुरते. स्ट्रोक ५-६ मिमी ठेवा. स्ट्रोक कमी असला तर सीटपाशीच अडतं आणि माल छत्रीसारखा बाजूला फेकला जातो, बाटलीच्या भिंतीवरून उतरतो. फेस येणाऱ्या मालाला तेच हवं असतं म्हणा, हँडवॉशला तर काही जण मुद्दाम खालून बंद आणि बाजूला भोकं असलेलं नोझल वापरतात.

टोकाची धार

किटलीच्या तोंडावरून चहा कपात न पडता मागे खाली ओघळतो, तसाच माल नोझलच्या गोल कडेवरून बाहेरच्या अंगाला चढतो. उपाय धार, म्हणजे चाकूसारखी तीक्ष्ण कडा. टोकापाशी बाहेरून १५-२० अंशाचा टेपर देऊन भिंत अर्ध्या मिमीपर्यंत पातळ करा आणि कडा तीक्ष्ण ठेवा. ड्रॉईंगवर स्पष्ट लिहा, टोकाला चॅम्फर (तिरका काप) नाही, रेडियस नाही, फक्त बर (कापताना राहिलेली धातूची कुसळं) काढायची. लिहिलं नाही तर टर्नर सवयीने फाइल मारून कडा गोल करणार, आणि बफिंगवाला तर उरलंसुरलं पण गुळगुळीत करून चकचकीत नोझल हातात देणार. दिसायला आरशासारखं, कामाला शून्य.

थेंब किती मोठा होणार हे टोकाच्या व्यासावर आणि पृष्ठताणावर आहे. सलाइनच्या सेटला साध्या ड्रिपचे २० थेंब एक मिलीला होतात आणि मायक्रो ड्रिपचे ६०, लिक्विड तेच, फक्त आतली टीप बारीक. ६ मिमीच्या ओल्या टोकाला पाण्याचा थेंब ०.०९ मिलीच्या आसपास, तेलाचा ०.०४. लिटरच्या बाटलीला हे नगण्य आहे, खरं सांगायचं तर तिथे थेंबाची काळजी मापासाठी नाही, बाटलीचे आटे चिकट होतात, झाकण नीट बसत नाही आणि लेबल सुटतं म्हणून करायची. पण ५ मिली अत्तराच्या बाटलीत ०.०५ चा एक थेंब म्हणजे सरळ एक टक्का. तिथे टोक १-२ मिमीचं घ्या आणि टेफ्लॉनचं घ्या. टेफ्लॉनला पाण्यासारखा माल फारसा चिकटत नाही, स्पिरिट मात्र त्यालाही बऱ्यापैकी भिजवतं, त्यामुळे तिथे धारच कामाला येते.

मधाची तार हा वेगळाच ताप. भरणं संपतं, बाटली पुढे सरकते आणि मागे बारीक तार ओढली जाते ती नेकवर पडते. टोकावर बंद होणारं नोझल घेऊनही तार राहतेच. बंद झाल्यावर बाटली लगेच हलवू नका, अर्धा-एक सेकंद थांबू द्या, मग नोझल झटक्यात वर उचला, तार बारीक होऊन तुटते. हळू उचललं तर ती नुसती लांबतच जाते. टोकाला छोटी हीटिंग स्लीव्ह लावली तर अजून बरं.

मटेरियल आणि लेथवाल्याला काय सांगायचं

तेल आणि मधाला एसएस ३०४ पुरे. आगळाला ३१६, कारण त्यात मीठ पण आहे आणि आंबटपणा पण, ३०४ ला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडायला लागतात. ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट असेल तर स्टीलचं नावच काढू नका, पीव्हीसी किंवा पीपी. सॅनिटायझर-स्पिरिटला ठिणगी आणि स्टॅटिकचा विचार आधी, नोझलला अर्थिंग, आणि जवळपास साधा सोलेनॉइड नको, फ्लेमप्रूफ लागतो.

ओ-रिंग बघून घ्या. ईपीडीएम रबराची तेलात फुगते, तेलाला नायट्राइल किंवा व्हायटन रबराची. आगळ, गरम पाणी, स्पिरिट यांना ईपीडीएम चांगली. फूड ग्रेड मागा आणि बिलावर लिहून घ्या.

बोअर ड्रिल करून सोडू नका, रीमर (भोक अचूक मापाचं आणि गुळगुळीत करणारं हत्यार) मारा, आतून ०.८ मायक्रॉन आरए (खडबडीतपणाचं माप) किंवा त्याखाली फिनिश मागा. आटे मालाच्या वाटेत नकोत, तिथे माल साचून खवट होतो, जोड टीसी क्लॅम्पचा (हाताने उघडणारी कडी) ठेवा म्हणजे ऑपरेटर पाना न घेता खोलून धुवू शकतो. खोलायला कटकट असलेलं नोझल कोणी धूत नाही, कितीही बोर्ड लावा. चार नोझल असतील तर चारही एकाच वेळी, एकाच बारमधून, एकाच रीमरने करून घ्या. बोअरमध्ये १० ला ०.१ मिमीचा फरक म्हणजे एक टक्का, चौथ्या घाताने फ्लोमध्ये चार टक्के, आणि ग्रॅव्हिटी मशीनवर ते लगेच दिसतं.

बसवताना

पंप ते नोझल मऊ सिलिकॉनची लांब नळी लावू नका. दाबाखाली ती फुगते आणि पंप थांबल्यावर परत आकसते, तेवढा माल हळूहळू बाहेर येतो, लोक म्हणतात नोझल गळतंय. नळी आखूड आणि कडक ठेवा. लाइनमध्ये अडकलेली हवा पण अगदी हेच करते, म्हणून नळीला मधेच उंटासारखा उंचवटा नको, हवा वर निघून जाईल असा सरळ चढ-उतार द्या.

दोन टप्प्यांत भरा. सेकंदाला १०० मिलीच्या फ्लोवर व्हॉल्व्ह १० मिलिसेकंद उशिरा बंद झाला तर चूक एक मिलीची, आणि साधे सोलेनॉइड, कॉम्प्रेसरचा हललेला दाब यात १०-२० मिलिसेकंद सहज इकडेतिकडे होतात. पहिले ९५० मिली जोरात, शेवटचे ५० मिली सेकंदाला १५ च्या चालीने, मग तोच उशीर ०.१५ मिलीवर येतो. बाटलीमागे तीनेक सेकंद जास्त जातात. दोन वेगांचा पंप नसेल तर दोन स्ट्रोकचा सिलिंडर लावून दांडा अर्धा बंद करता येतो. एअर लाइनला स्वतंत्र रेग्युलेटर लावा, तोच कॉम्प्रेसर शेजारी लेबलिंग मशीनला पण हवा देत असेल तर नक्की लावा.

फेसाळ मालाला नोझल तळापासून ५-१० मिमीवर नेऊन सुरुवात करा आणि पातळीबरोबर वर उचला. टोक मालात बुडवायचं असेल तर जास्तीत जास्त ५-१० मिमी. १२ मिमीचं नोझल ५० मिमी बुडवलं आणि बाहेर ०.२ मिमीचा थर चिकटला तरी जवळजवळ ०.४ मिली माल नोझलबरोबर वर येतो आणि पुढच्या बाटलीच्या नेकवर पुसला जातो.

तपासणी

०.१ ग्रॅमचा काटा घ्या. ३० बाटल्यांवर नंबर टाका, प्रत्येक रिकामी बाटली आधी वेगळी तोला, एकीचं वजन घेऊन सगळ्यांतून वजा करू नका, पेट बाटल्यांत अर्धा-पाऊण ग्रॅमचा फरक असतो. भरा, तोला, क्रमाने लिहा. क्रम महत्त्वाचा, कारण आकड्यांची चालच दोष सांगते. सगळे सारखेच जास्त किंवा सारखेच कमी असतील तर काही बिघडलेलं नाही, सेटिंग फिरवा. हळूहळू एका दिशेला सरकत असतील तर तापमान. एक वर एक खाली असं आलटून पालटून येत असेल तर पंप, पेरिस्टाल्टिकमध्ये (रोलरने नळी दाबत माल ढकलणारा पंप) बहुतेक वेळा रोलर दर शॉटला वेगळ्या जागी थांबतोय. फक्त चहाच्या सुट्टीनंतरची पहिली बाटली कमी येत असेल तर नळी रिकामी झालीय, म्हणजे नोझल किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. आणि काहीच चाल नसेल, नुसते विखुरलेले असतील, तर बहुतेक कट-ऑफ, म्हणजे भरणं नीट तुटत नाहीये.

मग मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. मागे काळा कागद, बाजूने टॉर्च, कॅमेरा टोकाच्या पातळीत. चार गोष्टी बघा: उघडताना पहिल्या क्षणी हवा येते का, मालाची धार सरळ पडते की वळते (वळत असेल तर कडेला बर आहे किंवा सीट सेंटरला नाही), बंद झाल्यावर शेपूट किती लांब राहतं, आणि शेवटचा थेंब टोकावर कुठे बसतो. थेंब बाहेरच्या टेपरवर चढलेला दिसला तर टोकाची धार गेलीय, लेथवर फेसिंगचा (टोकाचा चेहरा सपाट करण्याचा) एक हलका कट पुरतो. दर बाटलीला शेपूट तेवढंच असेल तर सोडून द्या, ते सेटिंगमध्ये मावतं. कधी लांब कधी आखूड असेल तर हवेचा दाब, सिलिंडरचा स्पीड कंट्रोलर, आणि शेवटी सील, या क्रमाने बघा.

सगळं जुळल्यावर पसारा दीड-दोन मिलीत आला की सेटिंग छापलेल्या मापाच्या दोन मिली वर ठेवा, सात वर नाही. टेफ्लॉनची सीट झिजते, तिचा एक जोड आणि ओ-रिंगची पुडी मशीनच्या पॅनलमध्येच ठेवा, आणि नोझलचं ड्रॉईंग लेथवाल्याकडे एक, तुमच्याकडे एक. नोझल धुताना टोकावर स्टीलचा काथ्या घासू देऊ नका, आठवड्याभरात धार जाते, कापसाचा बोळा किंवा नायलॉनचा ब्रश द्या.